पेट्रोलचा काटा खरे बोलतो का? जुन्या मोटारीतील एका साक्षीदाराची उलटतपासणी

१/ एमजीबी ही छोटी, उघड्या टपाची ब्रिटिश मोटार १९६२ ते १९८० या काळात तयार होत होती. समजा, अशा दोन गाड्या आपल्यासमोर उभ्या आहेत. एक १९६३ची, दुसरी १९६७ची. दोन्हींचा पेट्रोलचा काटा भरवशाचा राहिलेला नाही अशी तक्रार आहे. आपण दोन्हींच्या टाकीवर येणारी तार सोडवली आणि किल्ली फिरवली. १९६३च्या गाडीचा काटा झटकन 'पूर्ण'वर गेला. १९६७च्या गाडीचा काटा 'रिकामी'वर पडून राहिला, हललाही नाही. यांपैकी बिघडलेला काटा कोणता?

२/ या चाचणीपुरते तरी दोन्ही निर्दोष आहेत. १९६४च्या सुमारास या गाडीतील काट्याचे तत्त्वच बदलले. तबकडीवरची अक्षरे मात्र जवळपास तशीच राहिली. ज्याला हे ठाऊक नाही तो दोहोंपैकी एक काटा 'मेला' म्हणून जाहीर करतो, बाजारातला नवा, कुठल्याही गाडीला चालणारा काटा बसवतो, आणि जुना भंगारात जातो. जिवंत माणसाला मृत ठरवून त्याची उत्तरक्रिया उरकण्यातला हा प्रकार आहे. म्हणून आजचा धागा पेट्रोल मोजण्याच्या इतिहासावर. तो इतिहास ठाऊक असल्याखेरीज जुन्या गाडीतला बिघाड सापडत नाही, असे माझे म्हणणे आहे.

३/ एखादे साधन हाती आले की इतिहासाचा विद्यार्थी पहिला प्रश्न विचारतो तो हा: सांगणाऱ्याला हे कळले कसे? त्याने स्वतः पाहिले की ऐकले? ऐकले असेल तर मधे किती तोंडे? समकालीन पत्र आणि शंभर वर्षांनंतरची बखर यांना आपण एकाच तराजूत घालत नाही. इंधनदर्शकांतही प्रत्यक्षदर्शी आहेत आणि ऐकीव सांगणारेही आहेत. प्रत्येकाची खोटे बोलण्याची रीत निराळी आहे, आणि ती त्याच्या घडणीतूनच आलेली आहे.

४/ आरंभ प्रत्यक्षदर्शीपासून करू. फोर्डची 'मॉडेल टी' १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीहून अधिक संख्येने तयार झाली. तिच्यात इंधनदर्शक नव्हताच. बहुतेक गाड्यांत टाकी पुढच्या आसनाखाली असे. पेट्रोल किती उरले हे पाहायचे, तर पुढे बसलेल्या मंडळींनी खाली उतरायचे, गादी उचलायची, टाकीचे झाकण काढायचे, लाकडी पट्टी सरळ बुडवायची आणि ओली रेषा कुठवर आली ते वाचायचे. आपल्याकडे विहिरीत दोर सोडून पाणी पाहतात, तसेच. टाकीत सुमारे १० अमेरिकी गॅलन, म्हणजे ३८ लिटरच्या आसपास पेट्रोल मावे.

५/ यातही एक मेख आहे. आडव्या नळकांड्यासारख्या टाकीत तळाशी असलेल्या एका इंचात थोडेच पेट्रोल मावते, मधल्या इंचात पुष्कळ. त्यामुळे पट्टीवरच्या गॅलनच्या खुणा समान अंतरावर नसतात. मध्ये त्या दाटीने येतात आणि दोन्ही टोकांना विरळ होतात. चौकोनी टाकीची पट्टी गोल टाकीत घातली, तर साक्षीदार प्रामाणिक असूनही साक्ष चुकीची निघते. जुनी गाडी विकत घेतल्यावर तिच्याबरोबर मिळालेली पट्टी त्याच टाकीची आहे की नाही, हे आधी पाहावे ते यासाठी.

६/ थोडे विषयांतर. या गाडीत पेट्रोल पंप नव्हता. पेट्रोल केवळ उतारामुळे टाकीतून कार्ब्युरेटरकडे वाहत जाई. उभ्या चढावर गाडीचे नाक वर गेले आणि टाकीत पेट्रोल कमी असले, की कार्ब्युरेटर टाकीपेक्षा उंच व्हायचा आणि इंजिन बंद पडायचे. मग लोक गाडी वळवून उलट्या गिअरमध्ये, पाठमोरी चढ चढवीत. म्हणजे पेट्रोल किती आहे एवढेच जाणून भागत नव्हते. ते कुठे आहे, हेही ठाऊक असावे लागे.

७/ डिसेंबर १९२७मध्ये 'मॉडेल ए' आली. तिची टाकी चालकाच्या समोर, पुढच्या काचेच्या खाली होती आणि तिचा मागचा भाग थेट चालकाकडे असे. मग फोर्डने सोपी युक्ती केली. टाकीत बुचाच्या लाकडाचा तरंगणारा तुकडा, त्याला दांडी, आणि दांडीच्या टोकाला अंक लिहिलेला फिरता भाग. तो भाग काचेच्या छोट्या खिडकीतून चालकाला दिसे. तार नाही, वीज नाही, मधे कुणी दुभाषा नाही. पातळी आणि डोळा यांच्यामध्ये फक्त एक काच आणि एक दांडी.

८/ अशा इंधनदर्शकात बिघडायला फारसे काही नसते. दोनच गोष्टी पाहायच्या. काचेभोवतीची चकती जुनी झाली तर तिथून पेट्रोल पाझरते, आणि चालकाच्या गुडघ्यासमोर पाझरणारे पेट्रोल ही थट्टेची बाब नव्हे. दुसरी गोष्ट त्या बुचाची. ते पेट्रोल शोषू लागले की जड होते, बुडू लागते, आणि टाकी भरलेली असतानाही दर्शक कमी दाखवतो. इथे यंत्र चुकीचे सांगत नाही. ते बुचाची उंची अचूक सांगते. पेट्रोलची उंची आणि बुचाची उंची एकच आहे, हे आपले गृहीतक चुकलेले असते.

९/ या बुचाची गोष्ट थोडी सविस्तर सांगतो, कारण तिच्यात आपण आहोत. बुचाने पेट्रोल शोषू नये म्हणून त्याला शेलॅकचा लेप देत. शेलॅक म्हणजे शुद्ध केलेली लाख. पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर वाढणारे किडे जी राळ तयार करतात, ती. त्या काळात जगाला लाख पुरवण्यात भारत आघाडीवर होता आणि छोटा नागपूर हा तिचा मोठा प्रदेश. १९२४मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेवर संशोधन करणारी संस्थाही उभी राहिली. लाख पेट्रोलमध्ये विरघळत नाही. मात्र ती अल्कोहोलमध्ये सहज विरघळते. सुतार फ्रेंच पॉलिश बनवतात ते याच गुणावर.

१०/ आता आजच्या पंपावर या. आपल्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळले जाते, आणि इथेनॉल हे अल्कोहोलच. ते तयार करण्यात महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांचा वाटा मोठा आहे. नव्वद-शंभर वर्षे जुन्या बुचावर झारखंडच्या झाडावरची लाख आणि तिला धुऊन काढणारा पश्चिम महाराष्ट्राच्या उसाचा अर्क, अशी ही गाठ एखाद्या अमेरिकी मोटारीच्या टाकीत पडते. लाक्षागृहाला आग लावावी लागली होती. इथे ते नुसतेच विरघळते. सुटलेली लाख पुढे कार्ब्युरेटरच्या बारीक छिद्रांत जाऊन बसते ती वेगळीच. म्हणून जुन्या बुचाला पुन्हा लाखेचाच लेप देण्यात आता अर्थ नाही. मूळ बूच डबीत जपून ठेवावे आणि टाकीत पितळी पोकळ फ्लोट किंवा इथेनॉल सोसणारा नवा फ्लोट घालावा. मूळ वस्तूवर प्रेम असावे, पण तिला आजच्या पेट्रोलमध्ये बुडवून मारण्याइतके नसावे.

११/ १९३२मध्ये फोर्डची नवी गाडी आली आणि टाकी मागे गेली. पेट्रोल पुढे खेचायला पंप आला. टाकी आणि चालक यांच्यामध्ये आता अख्खी गाडी उभी राहिली, आणि मोटारीच्या इतिहासात ऐकीव साक्षीला महत्त्व आले. ही साक्ष पहिल्यांदा विजेने नव्हे, तर हवेने आणली. अमेरिकेत किंग-सीली कंपनीचे हे 'टेलिगेज'. १९३२ ते १९३४च्या फोर्ड गाड्यांत ते होते. ब्रिटनमध्ये ते हॉब्सनच्या नावाने मिळे आणि रोल्स-रॉइसच्या त्या काळच्या काही गाड्यांतही बसवले जाई. आपल्या संस्थानिकांच्या मोटारखान्यांतून आलेल्या एखाद्या गाडीत काट्याऐवजी लाल द्रवाची उभी नळी दिसली, तर ते हेच.

१२/ याचे काम विलक्षण सुंदर आहे. टाकीच्या तळाशी खालून उघडी, हवा कोंडलेली एक कोठी असते. तिच्यातून केसाळ तांब्याची नळी निघते ती थेट पुढच्या तबकडीपर्यंत. वरचे पेट्रोल जितके उंच, तितका कोठीतल्या हवेवर दाब जास्त. ती हवा पुढे दाब देते आणि काचेच्या नळीतला लाल द्रव वर चढतो. हा द्रव पाण्याच्या जवळजवळ तिप्पट जड असतो, आणि पेट्रोल पाण्याच्या पाऊणपट. त्यामुळे पेट्रोलच्या १२ इंचांसाठी द्रव फक्त ३ इंच चढतो. मोठी टाकी आणि छोटी तबकडी यांचा मेळ असा घातलेला आहे.

१३/ पण या साक्षीदाराचा स्वभाव समजून घ्यावा लागतो. कोठीतली हवा हळूहळू निसटते, पेट्रोलमध्ये विरघळते. तिची भरपाई होते ती गाडी चालताना: हिंदकळणाऱ्या पेट्रोलबरोबर बुडबुडे कोठीत ओढले जातात. गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली तर द्रव खाली बसतो आणि भरलेली टाकी अर्धी दिसते. यात काहीही बिघडलेले नसते. द्रव पार शून्यावर गेला आणि गाडी फिरवूनही वर येत नसेल, तर मात्र तांब्याच्या नळीला कुठेतरी चीर आहे किंवा जोड सैल आहे. द्रव उड्या मारत असेल, तर नळीत पेट्रोलचा किंवा पाण्याचा थेंब अडकलेला आहे. अशा वेळी नळी तबकडीच्या बाजूने सोडवून हातपंपाने हलकेच हवा मारतात. तोंडाने फुंकू नये. तो लाल द्रव विषारी आहे.

१४/ १९३५च्या फोर्डमध्ये हवा गेली आणि वीज आली. इथून पुढे साक्ष तारेवरून येते आणि इथेच दोन घराणी पडतात. टाकीतली रचना दोन्हींकडे सारखीच दिसते: फ्लोट, दांडी, आणि दांडीच्या टोकाशी विद्युतरोधाच्या तारेवर सरकणारी पत्ती. (फोर्डची सुरुवातीची तऱ्हा थोडी वेगळी होती, ती इथे सोडून देतो.) फरक तबकडीत आहे.

१५/ पहिले घराणे दोन वेटोळ्यांचे. लोखंडाच्या छोट्या तुकड्याला दोन बाजूंनी दोन विद्युतचुंबक ओढतात. टाकीतला रोध बदलला की एकाचा जोर कमी-अधिक होतो आणि काटा झुकतो. जनरल मोटर्सच्या गाड्या आणि सुरुवातीच्या एमजीबी या घराण्यातल्या. हा काटा चटकन हलतो, वळणावर पेट्रोल हिंदकळले की तोही डोलतो. बॅटरी थोडी उतरली तरी तो फारसा विचलित होत नाही, कारण दोन्ही वेटोळी एकदमच अशक्त होतात.

१६/ दुसरे घराणे दोन धातूंच्या पट्टीचे. विजेने पट्टी तापते, वाकते, काटा ढकलते. जितकी वीज जास्त तितका काटा वर. हा काटा सावकाश चढतो. किल्ली फिरवल्यावर जागेवर यायला त्याला वेळ लागतो आणि म्हणूनच तो वळणांवर स्थिर राहतो. पण त्याला नियमित दाबाची वीज लागते. १९५६मध्ये फोर्डने ६ व्होल्टऐवजी १२ व्होल्टची बॅटरी स्वीकारली तेव्हा सगळे काटे बदलण्याऐवजी एक छोटी डबी बसवली. ती वीज इतक्या वेगाने तोडते-जोडते की काट्याला सरासरी ५ व्होल्टच मिळतात. ब्रिटनमधल्या स्मिथ्‌स कंपनीच्या काट्यांसाठी असलेली अशीच डबी सरासरी १० व्होल्ट देते. आपली १९६७ची एमजीबी या दुसऱ्या घराण्यातली.

१७/ आता सुरुवातीचे कोडे सुटते. पहिल्या घराण्यात टाकी रिकामी म्हणजे रोध जवळजवळ शून्य, भरलेली म्हणजे रोध जास्त. तार तुटली तर रोध अमर्याद. काट्याला वाटते टाकी ओसंडून वाहते आहे. दुसऱ्यात उलट: भरलेल्या टाकीला रोध कमी, रिकाम्या टाकीला जास्त. तार तुटली की वीज बंद, पट्टी थंड, काटा तळाशी. टाकीकडची तार गाडीच्या लोखंडाला टेकवली, म्हणजे गॅरेजच्या भाषेत 'अर्थ' केली, तर पहिल्यात काटा 'रिकामी'वर यायला हवा आणि दुसऱ्यात 'पूर्ण'वर. तसा आला तर काटा आणि तार दोन्ही ठीक, बिघाड टाकीत. दुसऱ्या घराण्यात तार फार वेळ टेकवून ठेवू नये, पट्टी नाहक तापते. आणि हे सारे टाकीच्या उघड्या तोंडापासून दूर. पेट्रोलच्या वाफेला ठिणगी पुरते.

१८/ दोन्ही खोटारडेपणांत मला पहिला अधिक घातक वाटतो. टाकी गंजलेल्या पट्ट्यांवर बसलेली असते, तिचा गाडीच्या सांगाड्याशी विद्युतसंबंध तुटतो, आणि पहिल्या घराण्यातला काटा आनंदाने 'पूर्ण' दाखवत राहतो. 'अर्थ' तुटला की काटा अनर्थ सांगतो, असे म्हणायला हरकत नाही. निराशावादी काटा माणसाला निदान पंपावर नेतो. आशावादी काटा घाटात उभा करतो. त्यामुळे या गाड्यांत टाकीला हात लावण्याआधी टाकी आणि सांगाडा यांच्यामध्ये एक स्वच्छ तार जोडून पाहावी. कित्येकदा दुरुस्ती तेवढीच असते.

१९/ दुसऱ्या घराण्यात आधी शेजाऱ्याकडे पाहावे. इंजिनाच्या तापमानाचा काटा बहुधा त्याच डबीतून वीज घेतो. पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकाच वेळी चढे किंवा एकाच वेळी उतरते दिसत असतील, तर टाकीत फ्लोट शोधत बसू नये. दोष डबीत किंवा तिच्या 'अर्थ'मध्ये आहे. दोन स्वतंत्र दिसणाऱ्या बखरी एकच चूक करतात तेव्हा आपण त्यांचे सामाईक मूळ शोधतो. इथेही तेच.

२०/ आणि मग येतो प्रक्षेप. पोथीत नंतर कुणीतरी घुसडलेल्या ओव्या असतात, तसे जुन्या गाडीत नंतरच्या पिढीचे भाग असतात. जनरल मोटर्सच्या टाकीतला रोध आधी ० ते ३० ओहम असे. साठच्या दशकाच्या मध्यापासून तो ० ते ९० झाला. जुन्या काट्याला नव्या पिढीचा फ्लोट जोडला, तर टाकी एक-तृतीयांश भरताच काटा 'पूर्ण' म्हणतो आणि पुढे वरच राहतो. प्रत्येक भाग सुटा तपासला तर निर्दोष निघतो. खोटी असते ती त्यांची सोबत. अशा गाडीत मल्टिमीटरने रिकाम्या आणि भरलेल्या टाकीचा रोध मोजून लिहून ठेवणे हाच खरा मार्ग. ते दोन आकडे भाग कोणत्या पिढीचा ते सांगतात.

२१/ काहींनी मात्र साक्षीदार नेमलाच नाही. फोक्सवॅगनच्या बीटलमध्ये १९६१पर्यंत इंधनदर्शक नव्हता. गाडी आचके देऊ लागली की पायाजवळची कळ फिरवायची आणि राखीव सुमारे ५ लिटरवर पुढे जायचे. मराठी घरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. बजाज चेतकचा कॉक हेच करत असे: टाकीत एक नळी उंच, एक तोंड तळाशी. 'रिझर्व्ह लागला' हे वाक्य तिथलेच. तेही संपल्यावर स्कूटर एका बाजूला तिरकी करून तळाचे घोटभर पेट्रोल कॉकपर्यंत आणायचे, हे त्यापुढचे शास्त्र. या पद्धतीत यंत्र बिघडत नाही, माणूस बिघडतो: पेट्रोल भरल्यावर कॉक पुन्हा जागेवर आणायचे विसरतो आणि पुढच्या वेळी राखीव असे काही उरतच नाही.

२२/ शेवटी आपल्या देशातल्या नियमाविषयी. जुलै २०२१मध्ये केंद्र सरकारने 'विंटेज' वाहनांसाठी स्वतंत्र नोंदणी आणली: वाहन ५० वर्षांहून जुने असावे, मूळ स्वरूपात असावे, क्रमांकात 'व्हीए' अक्षरे येतात. ब्रिटिश हौशी मंडळी १९३०नंतरच्या गाडीला 'विंटेज' म्हणायला तयार नसतात, आपल्या नियमात मात्र १९६७ची एमजीबीही बसते. ही वाहने रोजच्या वापरासाठी नाहीत. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, देखभाल आणि पेट्रोल भरणे एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येतात. त्यामुळे यांतल्या बहुतेक गाड्या वर्षाचा मोठा काळ उभ्याच असतात. बुचे वाळतात, सरकत्या पत्त्यांवर गंज चढतो, लाल द्रव खाली बसतो. तेव्हा अशा गाडीचा काटा पडलेला दिसला, तर पाना उचलण्यापूर्वी टाकीत स्वच्छ पट्टी बुडवून पेट्रोल किती आहे ते डोळ्यांनी पाहावे, काट्याचे छायाचित्र घेऊन तो कोणत्या घराण्यातला ते ठरवावे, आणि नळी लाल द्रवाची असेल तर आधी गाडी पंपापर्यंत चालवून आणावी. परत येईपर्यंत द्रव बहुधा चढलेला असतो.